दगडी घरांची राजधानी

सर,

आफ्रिकेत राजधानी होती. एक नाही, पुष्कळ होत्या. पण मी आज जिच्याबद्दल लिहिणार आहे ती दगडाची होती. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचून उभी केलेली, आणि तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. हे वाक्य मला नववीत तुमच्याकडून ऐकायला मिळायला हवं होतं. ते मला पन्नाशी ओलांडल्यावर रसायनीच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एका परदेशी माणसाकडून ऐकावं लागलं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसावर रागावू नये असं म्हणतात, पण मला राग आलाय आणि तो दुसऱ्या कोणावर काढता येत नाही. नमस्कार आधी करायला हवा होता, तोही आज आधी सुचला नाही.

तो तास मला स्वच्छ आठवतो. उन्हं तापायला लागली होती, खालच्या शेतांत भातरोपांसाठी राब भाजायला घेतले होते आणि धुराचा वास खिडकीतून सरळ वर्गात येत होता. तुम्ही आफ्रिकेचा नकाशा फळ्यावरच्या खिळ्याला अडकवला. कापडावर चिकटवलेला तो नकाशा जुना होता, घड्यांवर विरलेला. त्यातल्या खालच्या अंगाच्या एका देशाचं नाव बदललं होतं, म्हणून तुम्ही कागदाची पट्टी कापून, तिच्यावर आपल्या रेखीव अक्षरात "झिंबाब्वे" लिहून, ती जुन्या नावावर खळीने डकवली होती. तुम्ही असेच होतात. चुकीचं नाव मुलांसमोर टांगायचं नाही, म्हणून स्वतःच्या हाताने पट्टी चिकटवणारे. आणि मग छडीचं टोक त्या अख्ख्या खंडावरून फिरवत तुम्ही म्हणालात, "इतिहास कशाला म्हणतात? राजा, राजधानी, कायदा, किल्ला. युरोपात आहे, चीनमध्ये आहे, आपल्याकडे तर आहेच. इथं काय आहे? जंगल. गोरे तिथं पोचेपर्यंत सगळा अंधार. म्हणून पुस्तकात याला दीड पान दिलंय. परीक्षेला येत नाही, पुढं चला."

मी हात वर केला. मी शेवटच्या बाकावर बसायचे. वर्गात वाडीवरून येणारी, आदिवासी ठाकरांची मुलगी मी एकटीच होते, आणि हात क्वचितच वर करायचे. मी विचारलं, "सर, मंग तिथली मान्सं एवढी वर्सं करत काय व्हती?" तुम्ही हसलात. रागाने नाही, लाडाने हसलात, हे मला आजही कबूल आहे. म्हणालात, "तुमच्या वाडीत काय करतात गं? झाडावर चढायचं, कंद खणायचे. तेच." वर्ग खो खो हसला. मीही हसले, कारण सगळे हसत असताना एकटीने न हसणं फार अवघड असतं. मग तुम्ही नकाशा गुंडाळला आणि युरोपकडे वळलात.

तुम्ही दुष्ट असतात तर मी हे कधीच विसरून गेले असते. दुष्ट मास्तरही आम्हाला होते, त्यांची तोंडंही मला आता आठवत नाहीत. पण तुम्ही पोशीरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचात, आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मला घरी न्यायचात, कारण वाडीपर्यंतची चढण मी उपाशीपोटी चढते हे काकूंना कळलं होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली पाट होता. काकू मला त्याच पाटावर बसवून, तुमच्याच पंगतीला वाढायच्या. गावात तेव्हा मला कोणी घराच्या आत घेत नसे. वरण-भातावर तूप वाढताना काकू म्हणायच्या, "लाजू नको गं, खरवड हवी का?" आणि तुम्ही जेवता जेवता मला शिवाजी महाराजांच्या गुप्तहेरांच्या गोष्टी सांगायचात. दहावीनंतर बा मला शाळेतून काढणार होता. तुम्ही बूट हातात घेऊन ओढा ओलांडलात, चढण चढून आमच्या अंगणात आलात, कुडाच्या भिंतीला टेकून बसलात आणि बिनदुधाचा चहा न बोलता प्यायलात. म्हणालात, "पोरगी हुशार आहे. तिला थांबवलंत तर मी तुम्हाला माफ करणार नाही." बा म्हणाला, "मास्तर, तुमी एवढं वर चढून आलाव. मी नाय कसा म्हनू?" मी शिकले. रसायनशास्त्राची पदवी घेतली. आज कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही. हे सगळं तुमच्यामुळे. म्हणूनच म्हणते, त्या दिवशीचं वाक्य दुसऱ्या कोणाचं असतं तर मी ते थुंकून टाकलं असतं. तुमचं होतं म्हणून गिळलं, आणि ते आत राहून गेलं.

मागच्या वर्षी आमच्या कारखान्यात झिंबाब्वेचा एक केमिस्ट आला. त्यांच्याकडे असाच कारखाना उभा राहणार होता, म्हणून तो वर्षभर आमच्याकडे काम शिकायला होता. चाळिशीतला, सडपातळ, हळू बोलणारा. आम्ही इंग्रजी आणि हिंदीची खिचडी करून बोलायचो, इथे ते मराठीत लिहिते. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मी डबा उघडला तर तो भाकरीकडे बघतच राहिला. म्हणाला, "हे कसलं पीठ?" मी सांगितलं, नाचणी. त्याने तुकडा मोडून वास घेतला आणि लहान मुलासारखा हसला. "हे तर आमचं रापोको! माझी आजी याची लापशी करते, आणि सणाला बिअर." मी म्हटलं, आमच्याकडेही जुनी माणसं नाचणीची आंबील करतात. नाचणी मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आलीय, हे मला त्याने सांगितलं. मला वाटलं होतं ती आमच्या डोंगराचीच. त्या दिवसापासून माझ्या डब्यात एक भाकरी जास्त जाऊ लागली आणि तो मला ताई म्हणू लागला.

एकदा त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. आजीचं गाव, आणि गावापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक भिंत. सर, काय सांगू तुम्हाला. तीन मजल्यांएवढी उंच, वरून बैलगाडी जाईल एवढी रुंद, आणि नदीच्या वळणासारखी वळत गेलेली. कुठे कोपरा नाही. विटेसारखे घडवलेले ग्रॅनाइटचे दगड, एकावर एक, थरावर थर, मधे चुन्याचा थेंब नाही. डोंगरउतारावर आम्ही शेताच्या ताली दगडांनी रचतो, तसंच काम, पण राजाच्या तोलाचं. मी फोटो बघितला आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितेय? "ही कोणी बांधली?"

त्याचं हसू तिथेच थांबलं. तो म्हणाला, "ताई, तुम्हीसुद्धा?" मग समजुतीच्या आवाजात म्हणाला, "रायगड बघून कोणी तुम्हाला विचारतं का, की हा कोणत्या परक्याने बांधला?" सर, तो प्रश्न माझा नव्हता, तुमचा होता. इतकी वर्षं माझ्या तोंडात राहिला होता आणि संधी मिळताच बाहेर आला.

त्यानंतर त्याने सांगितलं आणि मीही मिळेल तिथून वाचलं. आता तुम्ही ऐका. तुम्ही वर्गात म्हणायचात तसं, मधे बोलू नका.

त्या उंच पठारावर गुरं पाळणारे लोक राहत होते, आजच्या शोना लोकांचे पूर्वज. तिथला ग्रॅनाइट उन्हाने तापतो, रात्री गार पडतो आणि त्याचे आपोआप पापुद्रे सुटतात. लोकांनी ते पाहिलं, मग स्वतः दगडावर जाळ करून, तापल्यावर पाणी ओतून ते पापुद्रे सोडवायला लागले. पिढ्यांमागून पिढ्या त्यांनी भिंती वाढवत नेल्या. टेकडीवर राजाचं ठिकाण, खाली मोठी भिंत, आणि भोवती हजारो माणसांची मातीची घरं, चांगली जाड, घोटून गुळगुळीत केलेली. राजाचं वैभव गुरांत होतं, आणि सोन्यात. पठारावरचं सोनं आणि हस्तिदंत समुद्राकडे जायचं, तिथून गलबतांतून अरबांकडे, आणि आपल्याकडेही. उलट्या वाटेने काय यायचं? चीनच्या हिरव्या झाकेच्या थाळ्या, इराणची भांडी, भारतातलं कापड आणि काचेचे मणी. त्या किनाऱ्यावर सापडलेल्या काही मण्यांच्या बाबतीत जाणकार आपल्या चौलचंही नाव घेतात. चौल, सर! आपल्याच जिल्ह्यातलं. शाळेची सहल तुम्ही तिथे नेली होतीत, रामेश्वराच्या पुष्करणीवर आम्हाला रांगेत बसवून या बंदरात कुठकुठली जहाजं लागायची ते सांगितलं होतंत. ती जहाजं पुढे कुठे जायची, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

मग ती राजधानी ओसरली. कोणी जाळली नाही, कोणी वेढा घातला नाही. माणसं फार झाली असावीत. सरपणासाठी झाडं तुटली, गुरांना चारा पुरेना, जमीन थकली, व्यापाराची वाट उत्तरेकडे सरकली. एक राजघराणं उत्तरेला गेलं, दुसऱ्यांनी पश्चिमेला नव्या दगडी राजधान्या उभ्या केल्या. तुमच्या व्याख्येतलं यात काय नव्हतं? राजा होता, राजधानी होती, व्यापार होता, चढ होता, उतार होता. दीड पानात हे मावलं नसतं, म्हणून का ते नव्हतंच?

खरा संताप तर पुढे आहे. गोरे आले, भिंती बघितल्या, आणि म्हणाले हे काळ्यांचं काम असूच शकत नाही. बायबलमधल्या राणीचं असेल, समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी प्राचीन व्यापाऱ्यांचं असेल, कोणाचंही असेल, पण ह्यांचं नाही. सोन्यासाठी त्यांनी जमिनी उकरल्या. खालच्या मातीत राहत्या घरांच्या सगळ्या खुणा होत्या, तीच माती कचरा म्हणून बाहेर फेकली. आत एक भरीव बुरूज आहे, त्यात खजिना असेल म्हणून तोही पोखरायला घेतला. आत दगडच निघाले. दगडात कोरलेले पक्षी उचलून नेले. पुढे त्यांच्यातल्याच प्रामाणिक अभ्यासकांनी खणून सांगितलं की बांधणारे इथलेच आहेत, तेव्हा राज्य करणाऱ्या गोऱ्यांना ते परवडेना. पर्यटकांच्या पुस्तिकेतसुद्धा तसं छापू नका, असा दाब आणला. का, ते उघड आहे. ज्यांना राजधानी होती त्यांचं राज्य काढून घेतलं, हे मान्य करावं लागलं असतं. आणि देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकांनी त्याला नाव कोणतं दिलं? ह्याच भिंतींचं. झिंबाब्वे म्हणजे दगडी घरं. झेंड्यावर पक्षी घेतला तोही इथलाच. सर, ते नाव तुम्ही स्वतःच्या हाताने त्या पट्टीवर लिहिलं होतंत! इतक्या सुबक अक्षरात. नावं बदलतात तेव्हा का बदलतात, हे आम्हाला विचारायला शिकवणारा माणूस त्या एका नावापाशी का थांबला नाही?

तुम्ही म्हणाल, पुस्तकात होतं ते शिकवलं, एवढं काय मनावर घेतेस? मग काय झालं तेही ऐका.

खोपोलीजवळ साजगावच्या अंगाला मी राहते त्याच बिल्डिंगमध्ये त्याला मी भाड्याने जागा मिळवून दिली होती. चार महिने झाले नाहीत तोच कुजबुज सुरू झाली. एका रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग बोलावली. विषय त्याचा होता, म्हणून मी त्यालाही सोबत घेऊन गेले. त्याला मराठी कळत नाही असं धरून सगळे बोलत होते. चेअरमन कोण, माहितेय? आपल्या वर्गाचा मॉनिटर. पहिल्या बाकावरचा, तुमचा नकाशा गुंडाळून ऑफिसात नेऊन ठेवायचा तो. आता जमिनींचे व्यवहार करतो, गळ्यात जाड चेन असते. तो म्हणाला, "कोनाला दुखवायचं नाय. पन बिल्डिंगमधी लेकीबाळी हायत. मुंबईकडं यांचं काय काय चालतं, आपन वाचतो."

मी विचारलं, "याने कोणाचं काय वाकडं केलंय?"

"केलं नाय. केल्यावर बोलायचं का मंग?"

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "त्याच्या सैपाकाचा वास येतो हो जिन्यात."

"वहिनी, तो सुकी मासळी भाजतो. तुम्हीपण सुकट भाजता. वास तोच आहे."

कोणीतरी फसकन हसलं. चेअरमनला ते आवडलं नाही. तो खुर्चीत मागे रेलला, माझ्याकडे बघत म्हणाला, "अगं, तू तर माज्याच वर्गात व्हतीस. सरांनी काय शिकवलंय? राजा नाय, राजधानी नाय, कालपरवापतूर झाडावर ऱ्हाणारी मान्सं. सर खोटं बोलायचे काय?" आणि सर, त्याने तुमची नक्कल केली. छडी हातात धरल्यासारखी बोटं, "परीक्षेला येत नाही, पुढं चला." हुबेहूब. सगळे हसले. तेच हसणं. माझ्या शेजारी बसलेला माणूस मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे बघत होता. "झाड" हा शब्द त्याला येत होता. मीच शिकवला होता.

तुम्ही गेलात, तुमची शाळा बदलली, पुस्तकं बदलली, नकाशा कधीच उंदरांनी खाल्ला असेल. पण तुमचं ते वाक्य कसं टिकलं बघा. तुम्ही शिकवलेला एकही सनावळीचा तक्ता त्या मॉनिटरला आठवत नसेल, हे मात्र शब्दशः पाठ. आणि त्याच्या जोरावर एका माणसाला घराबाहेर काढायला निघाला होता.

मी उभी राहिले. म्हटलं, "हो. त्या दिवशी सर चुकीचं बोलले." तुमच्याबद्दल हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. मग मी सगळं सांगितलं, वर तुम्हाला सांगितलं ते, भिंती, सोनं, चौलचे मणी, गोऱ्यांचा खोटेपणा. अर्धे लोक मोबाइलमध्ये होते. कारखान्यातून रिटायर झालेले एक काका मात्र पुढे सरकून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "चुना नाय म्हन्ता? मंग पडली कशी नाय वो?" त्यावर माझ्या शेजारचा पहिल्यांदा बोलला. मोडक्या मराठीत म्हणाला, "काका, खाली रुंद. वर थोडा आत." आणि दोन हातांनी भिंतीचा कल करून दाखवला. काकांनी मान डोलावली. तेवढंच. चेअरमन म्हणाला, "भिंतीचं ऱ्हाऊ द्या. विषय भाड्याचा हाय."

"मग कारण लिहा," मी म्हटलं. "काळा आहे म्हणून जागा खाली करायला सांगतो, असं लिहा आणि खाली सगळ्यांनी सह्या करा." पेन टेबलावर पडून राहिलं. कोणी हात पुढे केला नाही. पुढच्या मीटिंगला बघू, असं म्हणून सगळे पांगले. जिना चढताना मागून आवाज आला, हळू, पण मला ऐकू यावा इतपत: "ठाकरीण ना ती. तिला पुळका येनारच." मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

त्याने पुढच्या मीटिंगची वाट बघितली नाही. कारखान्याच्या विश्रामगृहात एक खोली मागून घेतली आणि टेंपो बोलावला. मी भांडायला तयार होते, वकिलाला विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, "ताई, मी इथे काम शिकायला आलोय. जिन्यात रोज कोणाच्या तरी नजरेतून चढायला नाही." टेंपोत गादी चढवता चढवता त्याला वाटलं असावं की माझा राग जरा उतरवावा, म्हणून त्याने आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील शाळेत असताना त्यांची सहल त्या भिंतीपाशी गेली होती. गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा. माहिती सांगणाऱ्या माणसाने पोरांना सांगितलं, हे समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी बांधलं, तुम्ही लोक नंतर आलात. पोरांनी ऐकून घेतलं. परत निघताना त्यांचे मास्तर बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून मागे थांबले, पोरांना जवळ घेतलं आणि घरच्या भाषेत, हळू आवाजात म्हणाले, "ते सांगतात ते विसरा. हे तुमच्या पणज्यांनी बांधलंय. हात लावून घ्या." आणि एकेका पोराने भिंतीला हात लावला. कोणी चहाडी केली असती तर मास्तरांची नोकरी गेली असती.

"म्हणून म्हणतो, मास्तर लोकांचा फार राग करू नये," तो म्हणाला. "त्यांचेही हात बांधलेले असतात."

मला शांत करायला म्हणून त्याने हे सांगितलं. मी घरी आले ती आणखी चिडून. त्या मास्तरांना सरकारची मनाई होती, सर. तुम्हाला कोणाची होती? तुमची नोकरी कोण काढून घेणार होतं? त्यांनी जीव मुठीत धरून पोरांना त्यांची राजधानी परत दिली. तुम्ही पंख्याखाली उभे राहून, कोणी मागितलं नसताना, एका अख्ख्या खंडाची काढून घेतलीत, आणि जाता जाता माझ्या वाडीचीही. झाडावर चढायचं, कंद खणायचे. सर, तुम्ही माझ्या बाच्या घरी येऊन बसलात. ते घर त्याने कारवीच्या काठ्यांचं, स्वतःच्या हाताने बांधलं होतं. तुम्ही ते बघितलंत, चांगलं आहे म्हणालातही. मग नववीतलं ते वाक्य परत घ्यायला दहावीनंतरही तुम्हाला वेळ होता. वर्गात नाही तर निदान त्या ओट्याखालच्या पाटावर, मी तुमच्यासमोर जेवत असताना.

पुढच्या सुट्टीला मी त्याला वाडीवर नेलं. बा आता नाही, आई आहे, नजर अधू झालीय पण जीभ नाही. तिने त्याला समोर बसवून चेहरा नीट न्याहाळला आणि विचारलं, "तुज्याकडं डोंगर हाय का रं?" मी मधे बसून सांगत गेले. हो, आहे. "गुरं?" पुष्कळ. मग त्या भिंतींची गोष्ट तिलाही सांगितली, राजा उत्तरेला गेला तिथपर्यंत. आई म्हणाली, "राजा गेला त्यो गेला. बाकीची मान्सं कुठं गेली?" मी त्याला विचारलं. तो हसला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "कुठे नाही, आई. आम्ही तिथेच आहोत." आईला त्याची हिंदी कळली. तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि मला म्हणाली, "खाऊ दे त्याला. वाळलाय."

वर्ष संपलं, तो परत गेला. अधूनमधून त्याचा मेसेज येतो. बिल्डिंगमध्ये त्याच्या जागेत आता एक कुटुंब राहतं, मासळीचा वास तसाच येतो आणि कोणी मीटिंग बोलावत नाही. चेअरमन भेटला की "काय मॅडम" म्हणतो, मी मान हलवते. माफी त्याने मागितली नाही. तो तरी कोणाची मागणार, त्याला तर वाटतं तुमचा धडा त्यालाच नीट समजला होता.

हे पत्र मी कुठे पाठवणार? काकू मुलाकडे कर्जतला असतात, थकल्यात. त्यांना हे वाचून दाखवायची माझी हिंमत नाही, आणि गरजही नाही. इथेच राहील. राग उतरला का, म्हणाल तर नाही उतरला. उतरावा असंही वाटत नाही. पण एक गोष्ट लिहून टाकते. त्या रविवारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तुम्ही चुकलात असं म्हणून मी वर घरी आले, दार लावलं, पाणी प्यायले, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आज मी उभी राहून कशी बोलले, हे सरांना सांगायला हवं.